स्टेम सेल उपचार आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एखादा दीर्घ आजार आला की कुणी ना कुणी "स्टेम सेल करून बघा" असं सुचवतंच. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा व्हिडिओ येतो, कुठल्या तरी क्लिनिकचा फोन नंबर येतो. या दोन शब्दांमागे थक्क करणारं विज्ञान आहे आणि त्यांच्या आडून चाललेला मोठा बाजारही आहे. दोन्ही वेगवेगळे ओळखता यावेत, यासाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

स्टेम सेल म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या बहुतेक पेशी एकाच कामाला वाहिलेल्या असतात. हृदयाच्या स्नायूची पेशी आकुंचन पावते, स्वादुपिंडातली बीटा पेशी इन्सुलिन बनवते आणि शेवटपर्यंत तेच करत राहते. स्टेम सेल, म्हणजेच मूलपेशी, अशी कामाला जुंपलेली नसते. ती विभागते तेव्हा स्वतःसारखी नवी पेशी तयार करू शकते किंवा ठरावीक कामाची पेशी घडवू शकते. आपल्या अस्थिमज्जेतल्या अशा पेशी आयुष्यभर रोज अब्जावधी रक्तपेशी घडवत असतात. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्‌कलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून या पेशींचं अस्तित्व दाखवून दिलं.

मात्र सगळ्या स्टेम सेल सारख्या नसतात, आणि निम्मी फसवणूक हे न सांगण्यातूनच सुरू होते. रक्त घडवणारी स्टेम सेल रक्तच घडवते. ती पाठीच्या कण्यात टोचली म्हणून मज्जातंतू होत नाही. शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनण्याची ताकद दोनच प्रकारांत असते. एक, अगदी सुरुवातीच्या भ्रूणातून मिळवलेल्या पेशी. दुसऱ्या, प्रौढ माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा त्या सुरुवातीच्या अवस्थेला नेऊन बनवलेल्या आयपीएस पेशी. त्यामुळे जाहिरातीत "स्टेम सेल" वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या?

आज कोणत्या आजारांवर हा उपचार खरोखर सिद्ध झाला आहे?

सगळ्यात भक्कम पुरावा रक्ताच्या आजारांचा आहे. ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो तो मुळात स्टेम सेलचाच उपचार. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल अशा आजारांत योग्य रुग्णासाठी तो जीव वाचवतो. ई. डॉनल थॉमस यांना या कामासाठी १९९० मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्येच ही वाट सुरू झाली होती. म्हणजे "भारतात हे नवीन आहे" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

दुसरं उदाहरण डोळ्यांचं. काळ्या बुबुळाच्या कडेला स्टेम सेलचं एक वर्तुळ असतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची झीज त्याच पेशी भरून काढतात. रसायनानं हे वर्तुळ जळालं तर पडदा पांढुरका होतो आणि दृष्टी जाते. आपल्याकडे याचं एक दुःखद कारण घराघरात असतं: तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी. लहान मूल ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतले वीरेंद्र संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि वारेपासून मिळणाऱ्या पातळ आवरणावर ते जखमी डोळ्यात मांडायचे. पेशी वाढवण्यासाठी वेगळी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, शरीरच ते काम करतं. एकाच डोळ्याला इजा झालेल्या अनेक मुलांना यातून दृष्टी परत मिळाली आहे. भारतीय संशोधनाचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्वचेचंही एक उदाहरण आहे. मिकेले दे लुका या इटालियन शास्त्रज्ञाच्या गटानं जर्मनीतल्या एका ७ वर्षांच्या मुलासाठी त्याच्याच पेशींमधला जनुकीय दोष दुरुस्त करून शरीरावरची सुमारे ८० टक्के त्वचा प्रयोगशाळेत वाढवली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

याशिवाय काही मोजक्या उत्पादनांना औषध म्हणून परवानगी मिळाली आहे. धूम्रपान करणाऱ्या तरुणांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, त्या बर्जर्स आजारासाठी बंगळुरूत तयार झालेलं उत्पादन त्यातलंच एक. यादी इथे जवळजवळ संपते.

मधुमेह, पार्किन्सन, अंधत्व यांवर काही नवं घडतंय का?

घडतंय, आणि गेल्या काही वर्षांत वेगानं.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट करतं. २०२५ च्या जूनमध्ये एका छोट्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. स्टेम सेलपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी रुग्णांच्या यकृतात सोडल्या होत्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. ही बातमी मोठीच आहे, पण अर्धी सांगून चालणार नाही. या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात. अभ्यासात दोघांचा मृत्यूही झाला. त्यातला एक बुरशीजन्य मेंदूज्वरानं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबल्यावर ज्याचा धोका वाढतो अशा संसर्गानं. शिवाय निवडलेले रुग्ण साखर अचानक धोकादायक पातळीपर्यंत उतरणारे होते. आपल्या घराघरात दिसणारा टाइप २ मधुमेह हा वेगळा आजार आहे, त्याला हे निष्कर्ष लागू होत नाहीत.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन गटांचे अहवाल एकाच वेळी आले: उत्तर अमेरिकेतला १२ रुग्णांचा, भ्रूणपेशींपासून बनवलेल्या पेशींचा, आणि क्योटोतला ७ रुग्णांचा, आयपीएस पेशींचा. पेशी मेंदूत टिकल्या आणि गाठी झाल्या नाहीत. हे अभ्यास प्रामुख्यानं सुरक्षितता तपासण्यासाठी होते. वडिलांना बरं करण्यासाठी आज कुठे न्यावं, याचं उत्तर त्यात नाही.

दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्याची (रेटिनाची) गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून जाते. २०१४ च्या सप्टेंबरात जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटानं जगात पहिल्यांदा एका रुग्णाला तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला पडदा बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार होत्या, पण तपासणीत त्यांत जनुकीय बदल आढळले. गटानं शस्त्रक्रिया थांबवली. जग बघत असताना, स्पर्धा तीव्र असताना थांबणं सोपं नव्हतं.

भ्रूणातून पेशी काढणं म्हणजे जीव घेणं नाही का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळू नये.

विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणपेशी पहिल्यांदा वेगळ्या करून वाढवल्या. ज्या भ्रूणातून त्या घेतात ते पाच-सहा दिवसांचं, शे-दोनशे पेशींचं असतं. त्यात ना मज्जातंतू असतो, ना हृदय. आयव्हीएफमध्ये मूल झाल्यावर उरलेली, जोडप्याला नको असलेली भ्रूणं संशोधनासाठी वापरली जातात. पेशी काढताना भ्रूण नष्ट होतं, हे खरं आहे. कॅथलिक चर्चच्या दृष्टीनं गर्भधारणेच्या क्षणापासून ते पूर्ण मानवी जीवन आहे, म्हणून ही कृती अमान्य. इस्लामी धर्मशास्त्रातल्या अनेक मतांनुसार आत्मा ४० किंवा १२० दिवसांनी येतो. हिंदू घरांत याचं एकच एक उत्तर मिळत नाही; जीवहत्येचा विचार मनात येतो आणि मूल व्हावं म्हणून त्याच घरातली माणसं आयव्हीएफही करून घेतात.

ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९८४ मध्ये मर्यादा सुचवली: प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायचं नाही. त्या सुमारास शरीराचा पहिला अक्ष, म्हणजे डोकं-पाय ठरवणारी रेषा, उमटतो आणि त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होत नाहीत. भारतानंही हीच मर्यादा मानली आहे. अमेरिकेत अध्यक्ष बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी वेगळी रेषा आखली: त्या दिवसापर्यंत तयार असलेल्या सेल लाइनवरच, म्हणजे एका भ्रूणातून मिळवून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशावरच, सरकारी पैसा खर्च होईल. त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेच्या ३ सेल लाइन होत्या. वॉशिंग्टनमधल्या नैतिक वादाचा एक धागा असा थेट आपल्यापर्यंत आला होता. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं किंड-१ आणि किंड-२ या सेल लाइन तयार केल्या.

माझ्या मते, टाकूनच दिलं जाणारं भ्रूण जोडप्याच्या स्पष्ट संमतीनं संशोधनाला देणं योग्य आहे. पण ती संमती उपचार चालू असताना, सह्यांच्या गठ्ठ्यात घेतलेली नसावी. मूल होईल की नाही या काळजीत बसलेली बाई डॉक्टरांना नाही म्हणू शकत नाही. विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असली पाहिजे आणि नकार दिल्यानं उपचारात फरक पडणार नाही, हे त्या जोडप्याला आधी सांगितलं पाहिजे.

आयपीएस पेशी आल्यावर हा वाद संपला नाही का?

निम्मा संपला. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांच्या आणि २००७ मध्ये माणसांच्या साध्या पेशींत फक्त चार जनुकं घालून त्यांना भ्रूणपेशींसारखं बनवलं. २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. भ्रूण लागत नाही, ही फार मोठी सोय झाली. पण त्या चारपैकी एक जनुक कर्करोगाशी जोडलेलं आहे, आणि पेशी मागे नेताना व वाढवताना तिच्यात दोष शिरू शकतात. आयपीएस पेशी कितपत अस्सल आहेत हे तपासायला तुलनेसाठी भ्रूणपेशी आजही लागतात.

नवे प्रश्नही उभे राहिलेत. २०२३ मध्ये इस्रायल आणि ब्रिटनमधल्या गटांनी शुक्राणू किंवा स्त्रीबीज न वापरता, केवळ स्टेम सेलपासून सुरुवातीच्या मानवी भ्रूणासारख्या रचना वाढवल्या. त्यांना १४ दिवसांचा नियम लावायचा का, याचं उत्तर जुन्या कायद्यांत नाही.

म्हणजे माणसाचं क्लोनिंग होणार का?

नाही. क्लोनिंग म्हणजे एखाद्या जिवाची हुबेहूब जनुकीय नक्कल तयार करणं. माणूस जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करण्यास भारतात मनाई आहे.

या क्षेत्रात शास्त्रज्ञांनी फसवणूक केली होती, ते प्रकरण काय होतं?

दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल मिळवल्याचा दावा केला. तो बनावट निघाला आणि २००६ च्या जानेवारीत दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. आकडे खोटे होते, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याहून टोचणारी गोष्ट अशी की प्रयोगासाठी स्त्रीबीजं लागत होती आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांनी ती दिली होती. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीची ती संमती कितपत मोकळी असेल? स्त्रीबीज काढणं हे रक्तदानासारखं नाही; हार्मोनची इंजेक्शनं, भूल आणि अंडाशय सुजण्याचा धोका त्यात असतो. आपल्या २०२१ च्या कायद्यानं बीजदान आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ७ बीजांपुरतं ठेवलं आहे, ते योग्यच आहे.

आमच्या मुलाला ऑटिझम आहे. एक क्लिनिक स्टेम सेलचे चार डोस सांगतंय. घ्यावेत का?

नको. हे उत्तर इतकं थेट देताना मला त्या आईबापांची तगमग पूर्ण जाणवते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं १८० मुलांवर नीट अभ्यास केला. काही मुलांना नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, काहींना तसंच दिसणारं पण पेशी नसलेलं द्रव, आणि कुणाला काय मिळालं हे पालकांना सांगितलं नव्हतं. सामाजिक वर्तन सुधारतं का, हा मुख्य प्रश्न होता. २०२० मध्ये निष्कर्ष आले: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२ च्या डिसेंबरात ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की मान्यताप्राप्त उपचार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो.

मग व्हिडिओतली मुलं सुधारलेली कशी दिसतात? मुलं वाढतात, म्हणून. ऑटिझम असलेलं मूलही सहा महिन्यांत नवे शब्द शिकतं, नजरेला नजर देऊ लागतं. शिवाय या क्लिनिकमध्ये डोसबरोबर स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीही सुरू करतात. सुधारणेचं श्रेय मात्र इंजेक्शनला जातं. मुलाच्या पाठीच्या कण्यातून सुई घालणं, त्यासाठी भूल देणं, हे धोके खरे आहेत. आणि दागिने मोडून, कर्ज काढून भरलेले पैसे तर पुढची काही वर्षं चालणाऱ्या थेरपीचे होते.

सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मणक्याची इजा यांसाठीही विकत दिल्या जाणाऱ्या स्टेम सेलबद्दल माझं उत्तर हेच आहे.

"तुमच्याच पेशी आहेत, धोका काय?" असं डॉक्टर म्हणतात. ते बरोबर आहे का?

पेशी तुमच्या असल्या तरी जागा त्यांची नसते. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींचीही दृष्टी गेली किंवा अतिशय खालावली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही डोळे एकाच वेळी! कुठलाही जबाबदार नेत्रतज्ज्ञ प्रायोगिक उपचारात असं करत नाही. दुसऱ्याच्या पेशींचे धोके आणखी वेगळे. इस्रायलमधल्या एका मुलाला मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या पेशी टोचल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, आणि त्या दात्यांच्या पेशींपासून झाल्याचं तपासणीत दिसलं.

गुडघेदुखीचं काय?

पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे. ते रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून बनवलेल्या एका उत्पादनाला भारतीय औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये परवानगी दिली. क्लिनिकमध्येच चरबी काढून, घुसळून टोचणं हे ते उत्पादन नाही. काय टोचणार, त्याचं नाव आणि परवाना लेखी मागा.

बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवावं का?

बहुतेक कुटुंबांना गरज नाही. नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झालं, आणि ते रक्त रुग्णाचं स्वतःचं नव्हतं, नव्या जन्मलेल्या बहिणीचं होतं. खासगी बँका विकतात ती कल्पना उलटी आहे: बाळाचं रक्त त्याच्यासाठीच जपा. पण थॅलेसेमियासारखा जनुकीय आजार झाला तर तोच दोष त्या रक्तातही असतो. ल्युकेमियातही स्वतःच्या जपलेल्या पेशी सहसा वापरत नाहीत. पुढे स्वतःला लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरनं स्पष्ट म्हटलं आहे. घरातल्या एखाद्या मोठ्या भावंडाला आधीच असा आजार असेल तर मात्र साठवण्याला अर्थ आहे. ते रक्ततज्ज्ञांशी बोलून ठरवा.

प्रसूतीआधीच्या हळव्या आठवड्यांत, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या जोडप्याला हे विकलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही.

खरी क्लिनिकल ट्रायल कशी ओळखायची?

ट्रायलमध्ये प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ही एक खूण बाकी सगळ्यांच्या वरची आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा. मात्र नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. औषध नियंत्रकांची आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगीही विचारा. संमतीपत्र मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते घरी नेऊन वाचा. इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असावं. "आजच ठरवा, स्लॉट भरतायत" असं ऐकू आलं तर उठून या.

हे उपचार गरिबांना मिळतील का?

याची काळजी मला भ्रूणाच्या वादापेक्षा जास्त वाटते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं कॅसजेव्ही या उपचाराला परवानगी दिली. रुग्णाच्याच रक्ताच्या स्टेम सेलमध्ये जनुकीय काटछाट करून सिकल सेलच्या वेदनांचे झटके थांबवता येतात. अमेरिकेतली किंमत: २२ लाख डॉलर. सिकल सेलचे रुग्ण कुठे आहेत? गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांवर. ज्यांच्या आजारावर हे विज्ञान उभं राहिलं त्यांना त्याची बातमीही पोहोचत नाही. भारतात अशी उपचारपद्धती स्वस्तात विकसित करणं हा सरकारी संशोधन संस्थांचा पहिला अग्रक्रम असला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी एक मदत माहीत असू द्या. कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत पात्र मुलांच्या प्रत्यारोपणाला १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळतं. उपचार करणाऱ्या केंद्रात तिची चौकशी करा.

आम्ही स्वतः काही करू शकतो का?

हो, स्टेम सेल दाता म्हणून नोंदणी. प्रत्यारोपणासाठी दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींचा प्रकार जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. बाकीच्यांना अनोळखी दात्यावर अवलंबून राहावं लागतं. जुळणी वंशावर अवलंबून असल्यामुळे मराठी रुग्णाला दाता सापडण्याची शक्यता आपल्याच माणसांत जास्त. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी तिथल्या नोंदणीत नाव घातलं तर त्याचा उपयोग इथल्या रुग्णालाही होऊ शकतो. नोंदणीला गालाच्या आतल्या बाजूचा नमुना पुरतो. जुळलात तर साधारण पाच दिवस इंजेक्शनं घेऊन, रक्तदानासारख्याच पण काही तास चालणाऱ्या प्रक्रियेनं पेशी घेतात, आणि त्या काही आठवड्यांत पुन्हा भरून निघतात.

दात्याला माघार घेण्याचा हक्क असतो. पण रुग्णाची अस्थिमज्जा केमोथेरपीनं रिकामी केल्यावर ऐनवेळी नाही म्हटलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून घरच्यांशी आधी बोला, त्यांच्या शंका डॉक्टरांसमोर मांडा आणि मगच नाव नोंदवा.